इंग्रजीत कुणाला दुखत नाही

डबल सर पळायच्या आधी हातातलं खाली टाकायचे. हातात काय आहे ते बघायचेच नाहीत. चहाचा कप, मोबाईल, भाजीची पिशवी. एकदा शाळेची बस सुटतेय असं दिसल्यावर त्यांनी अख्खा अंड्यांचा ट्रे फुटपाथवर सोडला आणि सुसाट निघाले. बस मिळाली. अंड्यांचं जागेवरच ऑम्लेट झालं, गल्फमधल्या अल ऐनचा जून महिना होता. मी मागून पिशव्या गोळा करत पळतोय आणि ड्रायव्हर बसमधून अरबीत घाई करत ओरडतोय, "यल्ला, यल्ला!" सर खिडकीतून मला म्हणतात, "सवय आहे रे. बेसबॉलची."

ही सवय कशी लागली ते त्यांच्याच तोंडून ऐकायला पाहिजे होतं. सर श्रीवर्धनकडचे कोकणी मुसलमान, तालुक्याच्या कॉलेजात फुटबॉलचे कॅप्टन. एक दिवस विद्यापीठाकडून निरोप आला की बेसबॉलची टीम पाठवायची आहे. कॉलेजात कुणालाच बेसबॉल माहीत नव्हता. जिमखान्याच्या सरांनी विचारलं, सगळ्यात लांब दगड कोण मारतो? आख्ख्या वर्गाने डबल सरांकडे बोट दाखवलं. झालं सिलेक्शन! पहिल्या मॅचला सरांनी बॉल असा हाणला की फिल्डर बघत राहिले, आणि सर बॅट काखोटीला मारून पहिल्या बेसकडे पळत सुटले. कारण आपल्याकडे क्रिकेटमध्ये बॅट घेऊनच पळतात. बेसवर पोचल्यावर त्यांनी वाकून बॅट टेकवली पण! समोरची टीम हसून हसून खाली बसली. त्या दिवसापासून सरांनी स्वतःला शिक्षा लावून घेतली. पळायचं, तर आधी हात मोकळे. मग पुढे गावच्या टेनिस-बॉल टुर्नामेंटमध्ये बॅट टाकून पळाले आणि क्रीजच्या वीतभर अलीकडे रनआऊट झाले. "म्हणजे बघ भोंग्या," सर म्हणायचे, "मी दोन्ही खेळांत चुकलो, पण एकेकदाच."

भोंग्या म्हणजे मी. माणगावच्या मराठी शाळेतून निघून अल ऐनच्या ह्या इंडियन शाळेच्या ऑफिसात ॲडमिन असिस्टंट म्हणून लागलो. ॲडमिन म्हणजे लॅमिनेशन, प्रोजेक्टर आणि माईक. नकला करणं हा माझा खरा धंदा, पगार फक्त बाकीच्याचा मिळायचा. प्रिन्सिपल मॅडम, कॅन्टीनवाला, वॉचमन, सगळे माझ्या घशात राहायला होते. डबल सर फ्लॅटमध्येही माझे पार्टनर, त्यामुळे त्यांची नक्कल मी पार पक्की केली होती. स्टाफच्या पार्टीत केली तेव्हा लोक खुर्चीवरून पडले. सर शांतपणे बघत होते. घरी आल्यावर म्हणाले, "आवाज शंभर टक्के. खांदा चुकला."

"खांदा?"

"माझा उजवा खांदा खाली असतो. तू दोन्ही सरळ ठेवलेस. नक्कल करायची तर माणूस नीट बघावा माणसाने."

दोन वर्षं एका खोलीत राहून मला तो खांदा दिसला नव्हता. त्या संध्याकाळी सरांनी शर्टाचं बटण काढून दाखवला. उजवीकडे हाड जरा निराळंच बसलं होतं, घाईत लावलेल्या कुलपासारखं.

सर सांगायला लागले. एकाच वर्षी ते दोन्ही टीममध्ये होते. फुटबॉलचा सीझन संपला आणि दुसऱ्या दिवशी बेसबॉलचा कॅम्प सुरू. त्यावरूनच पोरांनी नाव ठेवलं, डबल. फुटबॉलच्या शेवटच्या मॅचला ते खांद्यावर पडले होते. कॅम्पचा कोच बाहेरच्या राज्यातला. त्याला मराठी नाही, ह्यांचं हिंदी मोडकं, आणि इंग्रजी म्हणजे ठणठणाट. कोच रोज सकाळी विचारायचा, शोल्डर फाईन? सर म्हणायचे, फाईन सर.

"मग सांगायचं ना, दुखतंय म्हणून?"

"अरे, नुसतं दुखत नव्हतं. सणक येत होती. हात वर नेला की आतून सणक जायची, थेट कोपरापर्यंत. आता सांग, सणकेला इंग्रजीत काय म्हणतात?"

मी मोबाईल काढला. बरंच शोधलं. एकही शब्द धड बसेना.

"बघ," सर म्हणाले. "तुझ्याकडे मोबाईल आहे. माझ्याकडे एकच शब्द होता. फाईन. रोज तोच दिला." मग त्यांनी डाव्या हाताने बटण लावलं. "शेवटच्या मॅचला पार कुंपणापासून थ्रो केला. मधे टप्पा नाही. बॉल पोचला, खांदा तिथेच राहिला. त्यांचा रनर आऊट झाला. मीपण."

म्हणजे आख्खं करिअर दोन सीझनचं. पुढे सरांनी शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली आणि पीटीचे सर म्हणून गल्फमध्ये आले. डाव्या हाताने बॉल टाकायला शिकले. पोरांना फुटबॉल शिकवला, क्रिकेट शिकवलं, पण बेसबॉलचं नाव काढलं की प्रत्येक प्रिन्सिपल म्हणायचा, नेक्स्ट इयर, इन्शाल्ला.

त्यातूनच सरांचा तो नियम आला, जो आमच्या शाळेत नर्सरीपासून बारावीपर्यंत सगळ्यांना पाठ होता. पोरगं मैदानात पडलं की सर उकिडवे बसायचे आणि विचारायचे, "क्या हुआ?" इथली पोरं! जन्म इथला, बोलणं इंग्रजी. रक्त येत असलं तरी म्हणणार, "आय ॲम फाईन सर." सर मान हलवायचे. "इंग्लिश में सब फाईन होते हैं. इंग्लिश में किसी को दर्द नहीं होता. घर की भाषा में बोल." एकदा एका मल्याळी पोराने ओठ चावत सांगितलं, "वेदनिक्कुन्नु." सर माझ्याकडे वळून म्हणाले, "ऐकलंस? वेदना. आपलाच शब्द की!" एक पठाण पोरगा पश्तोत काहीतरी पुटपुटला. सरांना एक अक्षर कळलं नाही, पण हातातली शिट्टी टाकून बर्फ आणायला पळाले. मी विचारलं, सर, कळलं काय तुम्हाला? म्हणाले, "शब्द कुठे कळायला पायजे? आईच्या भाषेत पोरगं खोटं बोलायला लागलं की आवाज फाटतो. इंग्रजीत फाटत नाही. इस्त्री केलेली भाषा ती."

मराठी पोरगं असलं तर मात्र सरांची चैन. मग चौकशी व्हायची. लचकलाय, मुरगळलाय की अवघडलाय? मुंग्या येतात की आग होते? त्यांनी मला एकदा शिकवणीच दिली. "चमक म्हणजे बेल वाजवून पळून जाणारं कार्टं. कळ म्हणजे पाहुणा, येतो, बसतो, चहा घेऊन जातो. आणि ठणका म्हणजे भाडेकरू. एकदा शिरला की निघायचं नाव नाही. ठणका म्हणाला कोणी की खेळ खलास, थेट डॉक्टर." मी ही शिकवणी पण नकलेत घातली. फार चालायची.

पण हसण्याचे दिवस त्या वर्षी लवकर संपले. सरांची साठी झाली. आमच्या शाळेत साठीनंतर ठेवायचं की नाही ते बोर्ड ठरवतं. प्रिन्सिपल मॅडम दिल्लीच्या, नवीनच आलेल्या, माणूस म्हणून चांगल्या. त्यांनी सरांना केबिनमध्ये बोलावलं. मी तिथेच प्रिंटरची जाम झालेली शीट ओढत होतो, आणि खरं सांगायचं तर ती निघाल्यावरही ओढत राहिलो.

मॅडम म्हणाल्या, "सर, आपका बेसबॉल का प्रपोजल मैंने पढ़ा. पीछे वाला ग्राउंड ले लीजिए. नेक्स्ट सेशन से शुरू कीजिए."

सरांनी खुर्चीचा हात धरला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी इन्शाल्ला न लावता हो म्हटलं होतं.

"लेकिन नेक्स्ट सेशन में आप होने चाहिए," मॅडम म्हणाल्या. "बोर्ड नया कोच लाना चाहता है. आप फुटबॉल का कप ले आइए. बोर्ड के सामने मेरे हाथ में कुछ तो होना चाहिए ना?"

बाहेर आल्यावर सर थेट चालायला लागले. मागच्या मैदानावर गेले. नुसती वाळू, कडेला दोन घाफची झाडं, आपल्या शमीच्या जातीची. सर मोठमोठी पावलं टाकत एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेले आणि प्रत्येक कोपऱ्यात टाच फिरवून बेसची खूण केली. मग मला म्हणाले, "भोंग्या, एक सीझन पायजे फक्त. एक पुरा सीझन. मग मला कोणी ठेव म्हटलं तरी राहणार नाही."

मी चेष्टा करायला तोंड उघडलं होतं. बंद केलं.

कप आणायचा तर सगळी मदार अयानवर. अकरावीतला पोरगा, आमचा नंबर नाईन. त्याचे वडील इक्बालभाई म्हसळ्याकडचे, इथे इंडस्ट्रियल एरियात गाड्यांच्या एसीचं गॅरेज. घरात आई कोकणी-मराठी बोलायची, बाप हिंदी-मराठीची भेळ, आणि पोरगा दोघांनाही इंग्रजीत उत्तर द्यायचा. डावा पाय असा की बॉल समोर उभ्या खेळाडूंच्या भिंतीला वळसा घालून जायचा. सर त्याला प्रॅक्टिसला बघायचे तेव्हा त्यांचा खाली गेलेला खांदा जरा वर यायचा. मी शपथेवर सांगतो.

आम्ही फायनलला पोचलो. मॅच आमच्याच ग्राउंडवर, शनिवारी दुपारनंतर, समोर दुबईची एक तगडी शाळा. आणि त्या दिवशी इक्बालभाई पांढरा कडक शर्ट घालून आले, सोबत एका माणसाला घेऊन. दुबईतल्या कुठल्याशा फुटबॉल अकादमीचा होता, काळा गॉगल, हातात टॅब. इक्बालभाईंनी मला बाजूला घेतलं. "भोंगाभाई, आज माईकवर अयानचं नाव जरा जोरात घ्या हां. हा माणूस खास त्याच्यासाठी आलाय. पसंत पडला तर पुढचं कॉलेज, ट्रेनिंग, सब सेट."

मी म्हटलं, "इक्बालभाई, असं घेतो की म्हसळ्याला ऐकू जाईल."

पहिल्या हाफमध्ये माझी कॉमेंट्री फॉर्मात होती. कॅन्टीनवाल्याच्या आवाजात थ्रो-इन, वॉचमनच्या आवाजात ऑफसाईड. पोरं नुसती लोळत होती. विसाव्या मिनिटाला अयानने दोघांना चकवून गोल मारला. मी माईकमध्ये असा किंचाळलो की स्पीकरने शिट्टी मारली. तंबूत मॅडम उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. सगळे त्याच्या अंगावर पडले आणि उठले. अयान उठला सगळ्यात शेवटी. पहिलं पाऊल त्याने बोटांवर टाकलं, टाच टेकवलीच नाही.

मी बघितलं, कारण मला आता माणूस नीट बघायची सवय लागली होती. मी लगेच सरांकडे बघितलं. सरांनी पण बघितलं होतं.

हाफटाइमला पोरं सावलीत बसली. मी पाण्याच्या बाटल्या घेऊन तिथेच होतो. सर अयानसमोर उकिडवे बसले. त्याच्या मोज्यावरून हात फिरवला. अयानचा पाय जरासा मागे सरकला.

"क्या हुआ?"

"नथिंग सर. आय ॲम फाईन."

मी वाट बघितली. आता येणार ते वाक्य. बाजूची पोरंही वाट बघत होती, एकाने तर हसू दाबलं, कारण सगळ्यांना पुढचं पाठ होतं.

सरांनी वर बघितलं. तंबूत मॅडम बोर्डाच्या कुणाशी तरी बोलत होत्या आणि स्कोअरबोर्डकडे हात दाखवत होत्या. सरांनी अयानच्या गुडघ्यावर थाप मारली.

"फाईन? गुड. यल्ला."

आणि उठले.

मी सरांच्या मागे गेलो. "सर..."

"माईकवर जा."

"सर, तुम्ही विचारलं नाही त्याला."

"विचारलं. फाईन म्हणाला." माझ्याकडे न बघता बोलले. इतक्या वर्षांत सरांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. सपाट. जिथे फाटायला पाहिजे तिथे न फाटलेला.

सेकंड हाफमध्ये मी नकला बंद केल्या. पोरं ओरडली, "भोंगा सर, वॉचमन! वॉचमन!" जमेना. अयान पळत होता, पण वळताना उजवीकडून मोठा वळसा घेत होता. समोरच्यांनी ते हेरलं आणि त्याच बाजूने दाबायला लागले. बरोबरी झाली, एक-एक. इक्बालभाई रेलिंगवर चढून ओरडत होते, "अयान! बेटा, रन! क्या कर रहा है?" गॉगलवाला टॅबवर काहीतरी टाईप करत होता. आणि सर रेषेच्या कडेने येरझाऱ्या घालत होते, चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे, उजवा हात डाव्या हाताने धरलेला. पोटाशी, घट्ट.

शेवटची काही मिनिटं उरली असताना त्यांच्या डिफेंडरने आमच्या पोराला पेनल्टी बॉक्सच्या जरा बाहेर पाडलं. फ्री किक. अख्ख्या ग्राउंडला माहीत होतं ही कुणाची. अयानने बॉल उचलला, ठेवला, परत उचलला, परत ठेवला. पाच पावलं मागे गेला. मी रेषेजवळ माईक घेऊन उभा. ग्राउंड एवढं शांत झालं की मागच्या बस-पार्किंगमधल्या एसीची घरघर ऐकू येत होती.

आणि सर आत आले. पळत नाही. चालत. हातातली बाटली तशीच हातात.

रेफरीने शिट्टी मारली. "कोच! आऊट प्लीज!"

सरांनी त्याला हात दाखवला, एक मिनिट म्हणून, आणि बॉल आणि अयानच्या मधे जाऊन उभे राहिले.

"अयान. मराठीत सांग."

"सर, नॉट नाऊ. प्लीज."

"मराठीत सांग."

"सर, वन किक. जस्ट वन किक. आय ॲम फाईन, आय स्वेअर."

रेलिंगवरून इक्बालभाई, "सर! क्या कर रहे हो? मारू दे त्याला!"

सर हलले नाहीत. आवाज खाली आणला. मी जवळ होतो म्हणून मला ऐकू आलं. "घरी काय बोलतोस आईशी? तसं सांग."

अयानचे डोळे भरले होते. "सर, आय डोन्ट नो द वर्ड."

"आईचे गुडघे दुखतात तेव्हा ती काय म्हणते?"

पोराने बॉलकडे बघितलं, गोलकडे बघितलं, बापाकडे बघितलं.

"ठणकतंय," तो म्हणाला.

"कुठे?"

"हितं." नडगीवर बोट. आणि मग बांध फुटल्यासारखं, त्याच्या आईच्याच सुरात, "लय ठणकतंय सर. सकाळपास्नं ठणकतंय. अब्बांना नका सांगू."

सरांनी एक क्षण डोळे मिटले. मग बेंचकडे वळून दोन्ही हात फिरवले, बदली खेळाडू. आणि माझ्याकडे बघितलं. "भोंग्या, बोल."

माझ्या हातात माईक होता आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे आवाज नव्हता, ना स्वतःचा, ना दुसऱ्याचा.

"बोल म्हणतो ना!"

मी बोललो. "सब्स्टिट्यूशन. नंबर नाईन, आऊट."

इक्बालभाई रेलिंग ओलांडून आत आले. पांढरा शर्ट खिळ्यात अडकून फाटला, त्यांना पत्ता नाही. "सर, हे काय चाललंय? तो दुबईचा माणूस त्याला बघायला आलाय!"

"बघू दे. बसलेला पण बघू दे."

"तुमचं डोकं फिरलंय? पोराचं सगळं करिअर तुम्ही..."

"इक्बालभाई," सर म्हणाले, "आधी त्याला धरा. तो उभा राहू शकत नाहीये."

खरंच नव्हता. बॉलसमोरून बाजूला झाल्यावर पाय उचलायचा जोरच गेला होता. एका बाजूने बापाने धरला, दुसऱ्या बाजूने सरांनी, आणि दोघं एकमेकांच्या तोंडाकडे न बघता त्याला बाहेर घेऊन आले. फ्री किक बदली पोराने मारली. बारवरून गेली, पार पार्किंगपर्यंत. शेवटच्या मिनिटाला त्यांनी गोल केला. कप दुबईला गेला. गॉगलवाला कधी निघून गेला कळलं पण नाही.

हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढला. नडगीच्या हाडाला तडा होता. रोजच्या माराने हळूहळू गेलेला, दिसायला केसाएवढा. डॉक्टर म्हणाले की त्या पायावर जोर देऊन अजून खेळला असता तर हाड सरळ मोडलं असतं, मग ऑपरेशन, रॉड, आणि खेळाचं काही सांगता आलं नसतं. आता प्लॅस्टर, आराम, मग पोरगा पहिल्यासारखा. कॉरिडॉरमध्ये इक्बालभाई भिंतीला टेकून ऐकत होते. सर समोरच्या बाकावर. दोघांच्या मधे मी उभा, आणि ह्या जागी काय विनोद करतात ते मला कोणी शिकवलं नव्हतं.

बोर्डाची मीटिंग झाली. मॅडम स्वतः स्टाफरूममध्ये आल्या, सरांना केबिनमध्ये बोलावलं नाही. "मैंने बहुत कहा, सर." सर उठून उभे राहिले होते. म्हणाले, "जानता हूँ मॅडम." मग जरा थांबून, "वो पीछे वाला ग्राउंड?" मॅडमनी टेबलावरचा पेपरवेट सरळ केला. "देखते हैं." सरांनी मान डोलावली. आमच्या बायोलॉजीच्या बाईंनी नंतर मला विचारलं की सर एवढे शांत कसे? मी म्हटलं, शांत नाहीत. खांदा बघा.

टर्म संपली. जायच्या आठवड्यात अयान कुबड्या टेकत आमच्या फ्लॅटवर आला. सोबत आईने दिलेला डबा, तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी. सरांनी त्याला समोर बसवून बेसबॉलचे नियम समजावले. तीन स्ट्राईक, चार बॉल, कधी पळायचं, कधी थांबायचं. बाजूला मी जेवतोय. अयानने सगळं ऐकलं आणि विचारलं, "सर, बट हू विल प्ले?" सर म्हणाले, "ते माहीत नाही. तुला येत असू दे."

एअरपोर्टला न्यायला इक्बालभाई आले. मी टॅक्सी बोलावली होती. ती त्यांनी परत पाठवली, बॅगा स्वतः उचलून डिकीत टाकल्या. अल ऐन ते दुबई रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना वाळू, आणि गाडीत कोणी बोलेना. एसी मात्र फर्स्ट क्लास, शेवटी गॅरेजवाल्याची गाडी. मी मागच्या सीटवर. सर बाहेर बघत होते.

डिपार्चरला गाडी लावली, ट्रॉलीवर बॅगा चढवल्या. सरांनी मला जवळ घेतलं, पाठीत एक गुद्दा घातला. मग इक्बालभाई पुढे झाले. हात जोडावे की मिठी मारावी ते कळेना त्यांना. शेवटी सरांचा हात दोन्ही हातांत धरला.

"सर, त्या दिवशी मी जे बोललो... मनात ठेवू नका."

सर म्हणाले, "ठेवणार."

इक्बालभाईंनी हात सोडला नाही, पण चेहरा उतरला.

"एवढ्या वर्षांत एकच सीझन मागितला होता मी," सर म्हणाले. "तो गेला. ते मनात राहणारच, इक्बालभाई. खोटं कशाला बोलू तुमच्याशी?"

मागे गाड्या लागल्या होत्या. सिक्युरिटीवाला हात हलवत होता, पुढे घ्या, पुढे घ्या.

"पण परत तीच मॅच खेळायला मिळाली," सर म्हणाले, "तर परत काढेन त्याला. फक्त ह्या वेळी हाफटाइमला."

इक्बालभाईंना ते कळलं नाही. हाफटाइमला काय झालं ते त्यांना माहीत नव्हतं. ते माझ्याकडे बघायला लागले. मी सरांकडे बघितलं. सरांनी नकाराची मान हलवली नाही, होकाराचीही नाही. ट्रॉली वळवली आणि आत निघाले.

"भोंगाभाई, काय म्हणाले ते?" इक्बालभाईंनी विचारलं.

मागून हॉर्न वाजत होते. मी गाडीचं दार उघडलं, पुढच्या सीटवर बसलो आणि म्हटलं, "चला, सांगतो." आणि मग अल ऐन येईपर्यंत, कुणाचाही आवाज न काढता, मी त्यांना सगळं सांगितलं.